तूचा दोन म्हणते

१

उजाडलं की आधी मासे. बर्फात थिजलेली लादी दगडावर आपटून फोडायची, एकेक मासा सुटा करायचा, डोळा लाल झालेला बाजूला टाकायचा. बोटं बधिर होतात आणि अंगाला जो वास बसतो तो साबणाच्या बापालाही जात नाही. डॉल्फिन शिकवणारी बाई म्हणजे लोकांना सर्कशीतली परी वाटते. या म्हणावं एकदा नोव्हेंबरात आमच्या धक्क्यावर, परी दाखवते.

आमची खाडी काळ्या समुद्रावर, सेवास्तोपोलच्या बाहेर होती. नाविक तळाचं नाव घेणार नाही; नाव न घेण्याची सवय इतकी जुनी आहे की आता घ्यायचं म्हटलं तरी जीभ वळत नाही. खाडीच्या तोंडाशी आरमाराची जहाजं, आतल्या अंगाला जाळीचे कप्पे, आणि कप्प्यांत आमचे डॉल्फिन. माझी होती तूचा. तूचा म्हणजे काळा ढग. पाठीवर तसाच डाग होता, आणि स्वभावही तसाच, कधी गडगडेल सांगता यायचं नाही. "म्हणूनच तुमचं दोघींचं जमतं," असं माझा नवरा इग्नात म्हणायचा.

इग्नात पाणबुड्या होता. शत्रूचा माणूस पाण्याखालून जहाजापाशी आला तर त्याला हुडकायचं, हे तूचाचं काम. पण सरावाला रोज शत्रू आणायचा कुठून? म्हणून आमचेच पाणबुडे आळीपाळीनं 'चोर' व्हायचे. बोटीच्या कडेला दोन रबरी तबकड्या होत्या. तूचा खाडीत फेरी मारून यायची. माणूस सापडला तर नाकानं पुढची तबकडी दाबायची, पाणी रिकामं असेल तर मागची. पुढची दाबली की मी तिच्या नाकावर चिमटा बसवायची. ती जाऊन तो चोराच्या पायाला लावायची, आणि चिमट्याला बांधलेला लाल बोया सुटून वर यायचा. मग चोरानं वर येऊन हात उंच करायचा. हात दिसला की मासा. हात नाही तर मासा नाही. आमचं सगळं शास्त्र एवढंच, बाकीचं कागद रंगवायला.

तूचा कधी चुकली नव्हती. हे मी कौतुकानं सांगत नाही. तिची चूक झाली असती तर बरं झालं असतं.

२

त्या दिवशी चोर इग्नात होता. तूचानं त्याला चटकन पकडलं, बोया वर आला, हात वर आला, मासा दिला. इग्नात बोटीत चढून माझ्या शेजारी बसला आणि साखरेचा खडा दातात धरून चहा ओढायला लागला. मी त्याचे हातमोजे काढून बोटं चोळत होते. तासभर पाण्यात राहिलं की त्याची बोटं पांढरीफटक पडायची, मेणबत्तीसारखी.

तेवढ्यात खट्ट झालं. तूचानं पुढची तबकडी दाबली होती.

"अगं बाई, झालं ना आता! चोर पकडलास, चोर इथं बसून चहा पितोय," मी म्हटलं.

तिनं परत दाबली.

"हावरट आहे," आमचा बोटवाला फोमा म्हणाला. फोमा पूर्वी स्वतः पाणबुड्या होता; कानाचे पडदे फाटले म्हणून बोटीवर आला. "एका चोरात दोन मासे मागते. माझ्या बायकोची बहीण शोभते."

आम्ही हसलो. पण मी हसता हसता पाण्याकडे बघितलं. खाडीत दुसरा पाणबुड्या नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. कोण उतरला आणि कोण वर आला हे बोटीवरून आम्हीच ओरडून सांगायचो. वारा नव्हता. पाणी इतकं सपाट होतं की त्यावर इस्त्री फिरवल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. चोर दुसराच होता, त्याला पकडून झालं, आणि मग खट्ट. पुढची तबकडी.

तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, चला, होऊन जाऊ दे. मी तिच्या नाकावर चिमटा बसवला. ती बुडालेल्या तराफ्याच्या बाजूला गेली. तिथं खाडीत एक जुना लोखंडी तराफा बुडालेला आहे, वरून नुसता काळसर चौकोन दिसतो. थोड्या वेळानं लाल बोया वर आला.

हात आला नाही.

फोमानं बोट नेली आणि बोया उचलला. चिमटा खाली लोंबत होता, उघडा.

"नीट बसला नसेल," मी म्हटलं.

फोमानं तो हातात फिरवून बघितला. "बसला नसेल तर बोया सुटला कसा? चिमटा चावल्याशिवाय सुटत नाही तो. आणि चावल्यावर उघडायचा तर खटका मागे ओढावा लागतो, रिम्मा पाव्लोव्हना. अंगठा लागतो त्याला."

"मग खटका खराब असेल."

"असेल," तो म्हणाला, आणि त्यानं चिमटा स्वतःच्या बाहीवर लावून बघितला. खटका अगदी व्यवस्थित होता.

३

आमचं घर तळाच्या फाटकाबाहेर, चौथ्या मजल्यावर. तिघं आम्ही: इग्नात, मी आणि क्स्यूशा. क्स्यूशा तेव्हा सहा वर्षांची. त्या आठवड्यात तिचा घसा धरला होता, गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून दिवसभर खिडकीत बसायची. मी कामावर असले की फाटकावरची क्लावामावशी मधूनमधून वर चक्कर टाकायची. इमारतीच्या सगळ्या किल्ल्या क्लावामावशीकडेच असायच्या.

संध्याकाळी बोर्श, म्हणजे बिटाचं सार, वाढताना मी इग्नातला चिमट्याचं सांगितलं. मला वाटलं होतं तो थट्टा करेल. तो ब्रेडचा तुकडा वाटीत बुडवून तसाच धरून बसला.

"मला खाली कधी कधी वाटतं, शेजारी कुणीतरी पोहतंय," तो म्हणाला.

"गढूळ पाण्यात स्वतःची सावली दिसली असेल."

"मीही तेच म्हणतो. पण आधी तो वेडेवाकडे हात मारायचा, रिम्मोच्का. पाय भलतीकडेच. परवा जरा बरा मारत होता. आज..." त्यानं चमचा खाली ठेवला. "आज माझ्यासारखा मारत होता."

मी त्याच्या वाटीत आणखी एक डाव ओतला. मी तोंडानं मात्र सोडलं नाही. "डॉक्टरला सांग. पाण्यात जास्त वेळ राहिलं की डोक्यात हवा जाते. तुझ्या डोक्यात जागाही भरपूर आहे."

"सांगितलं तर पाण्यातून काढतील. मग खायचं काय? तुझे मासे?"

क्स्यूशा हसली. मीही हसले. त्या रात्री झोप मात्र लागली नाही. माझ्या जिवाला एकच घोर होता: हा माणूस रोज त्या पाण्यात उतरतो, आणि त्या पाण्यात कोण आहे ते मला कळत नाही.

मी तशी हिशेबी बाई. स्वतःला समजावलं. सीलमासा असेल. तराफ्याखाली अडकलेलं एखादं धूड हलत असेल. तूचाच्या कानाला आजार झाला असेल. सगळी कारणं पटत होती, उजेडात तरी.

४

कॅप्टन बोरोदायनं मला बोलावून घेतलं. चांगला माणूस, पण वरिष्ठ येणार म्हटलं की त्याचं पोट बिघडायचं.

"रिम्मा पाव्लोव्हना, वरून समिती येतेय. प्रात्यक्षिक दाखवायचं आहे. तुमची बाई एका चोराचे दोन करते असं ऐकतो."

"करते, कॉम्रेड कॅप्टन. पण एकदा तराफ्यापाशी नीट शोध घ्या. दोन माणसं उतरवा."

"उतरवली. गंजलेलं लोखंड आणि शिंपले. आता मला सांगा, जो प्राणी रिकाम्या पाण्यात माणूस दाखवतो, त्याला समिती ठेवेल? आणि तो गेला की तुम्ही काय करणार, बाजारात मासे विकणार? खोड मोडा तिची."

खोड मोडणं मला येत होतं. त्याला मारावं लागत नाही की ओरडावं लागत नाही. पहिल्या चोराला मासा द्यायचा. दुसऱ्यांदा पुढची तबकडी दाबली की पाठ फिरवायची. मासा नाही, बोलणं नाही, बघणंसुद्धा नाही. मागची दाबली की दोन मासे आणि मानेला खाजवणं. जनावर शहाणं असतं. ज्याला कुणी विचारत नाही ते सांगणं ते सोडून देतं.

तूचानं पुष्कळ दिवस सोडलं नाही. पुढची दाबायची, माझ्या पाठीकडे बघायची, परत दाबायची. एकदा तर बोटीच्या कडेवर अर्धी चढून आली आणि माझ्या कोपराला नाक लावलं. मी वळले नाही.

मग एके सकाळी तिनं इग्नातला पकडलं, मासा घेतला, खाडीत फेरी मारून आली आणि हळूच मागची तबकडी दाबली. पाणी रिकामं.

फोमानं टाळ्या वाजवल्या. मी तिला खाजवलं. तिनं मासे घेतले, पण गिळले नाहीत. तोंडातून सोडून दिले आणि ते बोटीच्या बाजूला तरंगत राहिले.

५

समिती आली त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि थंडी कडाक्याची. धक्क्यावर फरच्या टोप्या, मधोमध एक जाडजूड अ‍ॅडमिरल. चोर इग्नात. बोटीत उतरण्यापूर्वी आमच्या रिवाजाप्रमाणे इग्नात, फोमा आणि मी घटकाभर गप्प बसलो. इग्नातनं हातमोजे ओढून घट्ट केले आणि मला डोळा मारला.

"घरी आल्यावर भजी तळ बटाट्याची," तो म्हणाला आणि पाण्यात गेला.

तूचाला सोडलं. ती परत आली ती पुढच्या तबकडीवर. चिमटा दिला. लाल बोया वर आला, तराफ्याच्या जवळ. मग पाण्यातून हात वर आला, उंच, सरळ. धक्क्यावर टाळ्या पडल्या.

मी मासा उचलला आणि थांबले. वर आलेल्या हातात मोजा नव्हता.

फोमानं बोट नेली. इग्नातच होता. तोच चेहरा, तीच भुवईवरची खूण, तोच पोशाख. बोटीत चढला, बसला, माझ्याकडे बघून हसला. "मोजे खाली राहिले," म्हणाला. मी चहा दिला. त्यानं साखरेचा खडा घेतला, जरा न्याहाळला आणि चहात टाकला.

मी सवयीनं त्याचा हात हातात घेतला चोळायला. हात गरम होता. नोव्हेंबरच्या पाण्यातून आलेला माणूस, आणि हात नुकत्या काढलेल्या पावासारखा गरम.

तूचा बोटीपासून लांब उभी होती, पाण्यात उभी, डोकं वर काढून. जवळ येईना.

"आणा त्या वीराला इकडे! हात मिळवू द्या!" अ‍ॅडमिरल ओरडला. फोमानं बोट धक्क्याला लावली. वीर उतरला, सगळ्यांशी हात मिळवत गेला. "काय गरम रक्त आहे तुमच्या पोरांचं!" अ‍ॅडमिरल खूश झाला. मग वीर कपडे बदलायला पाणबुड्यांच्या छपराकडे निघून गेला. जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. इग्नात दहा वेळा वळायचा.

आता रीतीप्रमाणे शेवटची फेरी: पाणी रिकामं आहे हे दाखवायचं. मी तूचाला इशारा केला. ती गेली आणि आली. दोन तबकड्यांच्या मध्ये थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं.

मागची दाबली.

टाळ्या. बोरोदायनं कपाळ पुसलं. "शाबास! द्या तिला मासे, आणि कप्प्यात घ्या."

माझा हात बादलीत होता. आणि मला एकाएकी कळलं की तिला जे विचारलं त्याचं उत्तर ती देत नव्हती. मला जे हवं होतं ते देत होती. आधी पाण्यात दोघं असायचे. मी तिला दुसऱ्याबद्दल गप्प राहायला शिकवलं. तिनं एक दाखवला, तो वर आला. मग खाली राहिला तो कोण?

"फोमा," मी म्हटलं, "बोट फिरव."

"काय झालं?"

"त्याचे हात गरम होते, फोमा!"

फोमा जुना पाणबुड्या. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तोंडातली सिगारेट टाकून त्यानं इंजिनाची दोरी ओढली.

"रिम्मा पाव्लोव्हना! कुठं निघालात? कप्प्यात घ्या म्हणतो ना!" बोरोदाय धक्क्यावरून ओरडत होता. अ‍ॅडमिरलसमोर हुकूम मोडला की काय होतं ते मला माहीत होतं. होऊ दे. इग्नातच्या टाकीत हवा किती उरली असेल, एवढंच डोक्यात होतं.

मी अख्खी बादली पाण्यात उपडी केली. कडेला वाकून तूचाच्या थोबाडाला दोन्ही हातांनी धरलं. "ऐकते गं मी," मी म्हटलं. "आता ऐकते. सांग."

इतके मासे भोवती पडले होते, एकाला शिवली नाही. पुढची तबकडी एवढ्या जोरात दाबली की बोट हलली.

चिमटा बसवला. ती बाणासारखी गेली. तराफ्याच्या काळ्या चौकोनाच्या अगदी कडेला लाल बोया वर आला. हात आला नाही. पण बोया खालून हिसके खात होता.

फोमानं कोट काढला, चाकू दातात धरला आणि फाटक्या कानांनिशी उडी घेतली. मी आईची शपथ घालून देवाला बोलावत होते. मी पक्षाची सभासद, देवाचं नाव घेऊ नये अशी. शेवटी दोन डोकी वर आली. एक फोमाचं. एक इग्नातचं, निळंजांभळं.

बोटीत ओढला. मोजे हातात होते. मी ते दातांनी ओढून काढले. बोटं पांढरीफटक, बर्फ. मी ती तोंडात धरली, रडले, शिव्या दिल्या, परत चोळली.

"पट्टा," इग्नात म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "तराफ्याच्या कडीला माझा पट्टा... अडकला नव्हता. बांधला होता. सावकाश बांधला, रिम्मोच्का. माझ्याकडे बघत. आणि मग माझ्यासारखा डोळा मारून वर गेला."

६

छपरात कुणी नव्हतं. बाकावर ओला पोशाख नीट घडी करून ठेवला होता. इग्नातचे घरचे कपडे खुंटीवर नव्हते.

इग्नातला डॉक्टरकडे सोडून मी फाटकाकडे पळाले. क्लावामावशी खिडकीत बसून बिया सोलत होती.

"अगं, पळतेस काय? नवरा मघाशीच गेला की घरी. किल्ली विसरलो म्हणाला, दिली मी. आणि मेला मलाच विचारतो, मावशी, आमचा मजला कितवा? सकाळी सकाळीच घेतलीय वाटतं!"

घरी पोरगी एकटी होती.

जिना कसा चढले ते आठवत नाही. दार नुसतं लोटलेलं. क्स्यूशा स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, पुढ्यात गरम दुधाचा पेला, त्यात मध. ओठांवर दुधाची मिशी. गॅसवर कढईत तेल तापायला ठेवलेलं आणि बटाटे सोललेले.

"बाबांनी केलं," ती म्हणाली. "बाबा आत कपाट लावतायत. आई, बाबांनी मला माझं नाव विचारलं. गंमत करत होते."

आतल्या खोलीत लाकडावर हँगर सरकल्याचा आवाज आला. एक, मग आणखी एक. घाई नव्हती कसली.

मी पोरीला उचललं आणि चोरपावलांनी दाराकडे सरकले. उंबरा ओलांडत होते तेवढ्यात आतून इग्नातचा आवाज आला, अगदी त्याचा, प्रेमळ, जरासा दमलेला:

"रिम्मोच्का, तिला मफलर घाल. बाहेर गार आहे."

मी दार ओढून घेतलं आणि पळत सुटले.

बोरोदाय चार जवान घेऊन वर गेला. घर रिकामं होतं, असं तो म्हणाला. गॅस बंद केलेला. बटाट्याची भजी तळून ताटलीत झाकून ठेवलेली. यावर तो पुढं कधी बोलला नाही, आणि समितीनं आम्हाला शंभर गुण दिले.

७

आम्हाला दुसरीकडे घर मिळालं, रस्त्याच्या पलीकडे. इग्नातनं पाणी सोडलं, आता तो गाड्या दुरुस्त करतो. तूचाला मी परत कधी पाठ दाखवली नाही, पण चोर पकडून झाल्यावर ती पुढची तबकडी पुन्हा दाबेना. दाखवायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं तिथं.

आमचं जुनं घर कुणाला दिलेलं नाही. कुलूप आहे, किल्ली बोरोदायकडे. तिथून जाताना इग्नात पलीकडच्या बाजूनं चालतो आणि वर बघत नाही. मी बघते. मला भीती वाटते, तरी बघते. खिडकीचे पडदे धुतलेले असतात. काचा पुसलेल्या असतात.

परवा क्स्यूशाला शाळेतून आणत होते. ती त्या इमारतीखाली थांबली, मान वर केली आणि चौथ्या मजल्याकडे बघून हात हलवला.

माझा हात उठला. गालावर पाच बोटं उमटली तिच्या. "कुणाला हात करतेस गं? कुणाला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खरोखरच कळत नव्हतं, आपलं चुकलं काय.

"मी आधी नाही केला, आई," ती म्हणाली.